चेंडू पुढे फेकण्याची परवानगी : १९०६ चा अमेरिकन फुटबॉल हंगाम

५ सप्टेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, वॉकेशा या गावी, सेंट लुईस विद्यापीठ आणि कॅरल कॉलेज यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. त्या सामन्यात सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने चेंडू हातात घेऊन समोर धावत सुटलेल्या आपल्या गड्याच्या दिशेने फेकला. चेंडू कोणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला आणि त्या वर्षीच्या नियमानुसार थेट प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात गेला. तरीही रॉबिन्सनने पुढे पुन्हा तसाच चेंडू फेकला. या खेपेस जॅक श्नायडरने तो झेलला आणि सुमारे २० यार्डांच्या त्या फेकीवर टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे गुण, मिळाले. सेंट लुईसने सामना २२-० असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलमध्ये आज ज्या फेकीवाचून एकही सामना पुढे सरकत नाही, त्या फेकीचा नियमाने मान्य असा पहिला प्रयोग म्हणून या सामन्याचे नाव घेतले जाते.

बडोद्यात राहून अनेक वर्षे मुलामुलींना कबड्डी आणि खो-खो शिकवणाऱ्या आणि पंच म्हणून मैदानावर उभ्या राहणाऱ्या मला या फेकीशी काय करायचे, असे कोणीही विचारील. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे गेले असताना तो मला तिथल्या एका शाळेचा सामना दाखवायला घेऊन गेला. मला खेळातले फारसे काही कळत नव्हते, पण चेंडू हवेतून जाऊ लागला की सगळे मैदान कसे मोकळे होते, हे मात्र लगेच जाणवले. तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पूर्वी या खेळात चेंडू पुढे फेकायला बंदी होती. माणसे मरायला लागली तेव्हा परवानगी मिळाली." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. परत आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि १९०६ चा हंगाम हा क्रीडाशिक्षकांनी, पंचांनी आणि खेळाचे नियम करणाऱ्या प्रत्येक माणसाने अभ्यासावा असा आहे, असे माझे ठाम मत झाले. त्या वर्षी धोकादायक चालींवर नुसती बंदी घालून नियमकर्ते थांबले नाहीत. माणसांचा ढीग रचण्यापेक्षा फायद्याची अशी दुसरी वाट त्यांनी खेळाडूंना उघडून दिली.

आधी खेळ कसा होता हे सांगायला हवे. अमेरिकेतील कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात न्यू ब्रन्सविक येथे झाला असे मानले जाते. एकेका बाजूला २५ गडी होते, चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा नव्हती आणि रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. तो खेळ आपल्या ओळखीच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या जवळचा होता. पुढच्या दहा वर्षांत कॉलेजे रग्बीच्या वळणावर गेली, आणि मग येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी त्या रग्बीचे रूपच पालटले. १८८० मध्ये त्यांच्या आग्रहाने एका संघातील गडी ११ झाले आणि चेंडू एका बाजूच्या निर्विवाद ताब्यात ठेवून डाव सुरू करण्याची पद्धत आली. त्यातून लगेच एक अडचण उभी राहिली. चेंडू ताब्यात असलेला संघ काहीही न करता तो धरून बसला तर त्याला कोण अडवणार? १८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येल यांनी नेमके हेच केले. दोघांनीही चेंडू धरून वेळ काढला आणि सामना ०-० असा संपला. प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये कॅम्प यांनी नियम आणला की तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरकले पाहिजे, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाला द्यावा लागेल.

हा नियम वाचताना मला आपली तिसरी चढाई आठवली. कबड्डीतही चढाईपटू ‘निदान रेषा’ (चढाई ग्राह्य ठरण्यासाठी ओलांडायची रेषा) ओलांडून रिकामे परत येत, पुन्हा जात, पुन्हा येत, आणि आघाडीवर असलेला संघ अशा तऱ्हेने घड्याळ संपवत असे. व्यावसायिक स्पर्धांच्या काळात त्यावर उपाय निघाला: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या खंडांतल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या खेळांना त्याच दुखण्यावर तीन संधींचा तोच उपाय सापडला, याचे मला फार नवल वाटते. पण कॅम्प यांच्या नियमाची एक दुसरी बाजू होती, आणि ती पुढे प्राणांवर बेतली.

तीन प्रयत्नांत ५ यार्ड म्हणजे प्रत्येक वेळी जेमतेम दोन पावले. एवढे अंतर कापायला पळण्याचे किंवा चकवण्याचे कौशल्य लागत नाही. सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी जोर लावला की पुरते. चेंडू घेतलेल्या गड्याला मध्ये ठेवून बाकीचे त्याला मागून ढकलत, पुढून ओढत, एकमेकांचे हात गुंफून भिंत करत आणि समोरच्या फळीतील, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या पुढच्या रांगेतील, एका बिंदूवर तुटून पडत. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध जी चाल वापरली ती या सगळ्यांत भयंकर होती. गडी दूरवरून दोन रांगांत धावत येत, पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि पूर्ण वेगाने एका बचावपटूवर आदळत. ही चाल लॉरिन डीलँड नावाच्या गृहस्थांनी बसवली होती. ते बुद्धिबळाचे शौकीन होते आणि स्वतः कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. पटावर सुचलेली चाल जिवंत माणसांच्या फासळ्यांवर करून पाहणे मला आजही अस्वस्थ करते. १८९४ मध्ये त्या चालीवर बंदी आली, पण ढकलाढकलीचे मूळ कारण, म्हणजे थोडे अंतर आणि पुढे फेकण्यास मनाई, तसेच राहिले. एका चालीवर बंदी आली की तिच्याच जातकुळीतली दुसरी चाल पुढच्या हंगामात तयार होई. चेंडू मागे किंवा बाजूला देता येई, पुढे नाही. त्यामुळे बचाव करणाऱ्या संघालाही मैदानभर पसरण्याचे कारण नव्हते. दोन्हीकडची माणसे मध्यभागी गोळा होत आणि पंचाला त्या गर्दीत कोण कोणाला ठोसा मारतो आहे हे दिसणेच शक्य नसे.

१९०५ मध्ये हे सगळे टोकाला गेले. त्या हंगामात देशभर १८ किंवा १९ मुले फुटबॉल खेळताना मेली अशी वर्तमानपत्रांतील गणना आहे. त्यांतील बहुतेक मुले शाळांची होती आणि कॉलेजचे खेळाडू थोडे होते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मोठ्या विद्यापीठांच्या संघांकडे प्रशिक्षक होते, डॉक्टर होते. गावोगावच्या शाळांकडे त्यांपैकी काही नव्हते, तरी मुले त्याच मोठ्यांच्या चाली पाहून खेळत होती. वरच्या पातळीवरचा खेळ जसा खेळला जातो तसाच तो गल्लीत उतरतो, आणि म्हणून वरच्या पातळीवर नियम करणाऱ्यांची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या मैदानापुरती नसते.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फुटबॉलवर बंदी घालण्याची धमकी दिली आणि त्यामुळे खेळ सुधारला, अशी कथा ठिकठिकाणी वाचायला मिळते. तारखा जुळवून पाहिल्या तर ती टिकत नाही. रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले ते ९ ऑक्टोबर १९०५ रोजी, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला. बळींची गणना त्यानंतर झाली. येलकडून कॅम्प आणि हार्वर्डकडून प्रशिक्षक बिल रीड त्या बैठकीला होते. नियमांचे अक्षर आणि भावना दोन्ही पाळू, अशा अर्थाचे निवेदन तिघांनी मिळून काढले. रूझवेल्ट यांना हा खेळ मनापासून आवडत असे, त्यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या नवागतांच्या संघात खेळत होता, आणि खेळ बंद व्हावा अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी मोठ्या कॉलेजांना एका टेबलाशी बसवले हे श्रेय त्यांचे आहेच. पण शपथपूर्वक चांगले वागण्याच्या वचनाने खेळ बदलत नाही, हे पुढच्या सात आठवड्यांत दिसून आले. माणसे वाईट होती असे मी म्हणणार नाही. नियमच असे होते की ढिगात घुसणाऱ्याला यार्ड मिळत होते.

२५ नोव्हेंबर १९०५ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर डोक्याला मार लागून मरण पावला. न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्रॅकन यांनी त्यानंतर पुढाकार घेऊन इतर कॉलेजांना बैठकीसाठी बोलावले. खेळ बंदच करावा असा एक मोठा गट होता. कोलंबिया विद्यापीठाने तर त्याच सुमारास खेळ बंद केला आणि तो १९१५ पर्यंत बंद ठेवला. पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी १९०६ पासून फुटबॉल सोडून रग्बी स्वीकारली. म्हणजे बंदी ही काही पोकळ भीती नव्हती.

बंदीची मागणी करणाऱ्यांचे मन मला चांगले कळते, कारण तसा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. शहरातील एका आंतरशालेय कबड्डी सामन्यात मी पंच होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला असल्याने मैदान ओले होते आणि मध्य रेषेची फक्की जागोजागी चिखलात मिसळली होती. सातवी-आठवीच्या वयाचा एक मुलगा चढाईहून परतताना साखळीत सापडला. दोघांनी कमरेला आणि मांडीला घट्ट पकड घातली होती, आणि तेवढ्यानेच तो थांबला असता. पण मागून आणखी तिघे त्याच्या अंगावर पडले. त्याचा उजवा हात लांब होऊन बोटांची टोके फक्कीला लागली होती, म्हणजे नियमाने तो परत पोहोचला होता आणि गुण त्याचे होते. मी शिटी वाजवली. वरचे एकेक उठले. सर्वांत खाली तो होता, आणि उठून बसल्यावर त्याने उजव्या हाताने डावे कोपर उचलून छातीशी धरले. तेवढ्यावरून मी समजले की हासळीचे हाड गेले आहे. किती गुण झाले हे त्याने मला त्याच अवस्थेत विचारले.

त्यानंतर एका शाळेने कबड्डी बंद केली. पालकांचा आग्रह होता आणि शाळेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच शाळेची मुले संध्याकाळी एका सोसायटीच्या मागच्या बाजूला, पेव्हर ब्लॉकवर, विटेच्या तुकड्याने रेषा ओढून कबड्डी खेळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिथे पंच नव्हता, माती नव्हती, मॅट नव्हती. खेळ शाळेच्या मैदानावरून गेला आणि जास्त कठीण जमिनीवर जाऊन पडला.

मॅक्रॅकन यांच्या दुसऱ्या बैठकीला, २८ डिसेंबर १९०५ रोजी, साठाहून अधिक संस्थांचे प्रतिनिधी आले. तिथे उभ्या राहिलेल्या संघटनेला १९१० मध्ये नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन हे आजचे नाव मिळाले. या मंडळींनी स्वतःची नियम समिती नेमली. कॅम्प यांच्या वर्चस्वाखालची जुनी समिती होतीच. दोन समित्यांनी दोन नियमपुस्तके काढली असती तर खेळ तिथेच फुटला असता. जानेवारी १९०६ मध्ये त्या एकत्र बसल्या, आणि त्यात बिल रीड यांचा वाटा मोठा होता. नियमांत खरा बदल झाला नाही तर हार्वर्ड खेळातून बाहेर पडेल, हे त्यांनी स्पष्ट करून ठेवले होते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे फुटबॉलचे कडवे विरोधक होते, त्यामुळे ही गोष्ट कोणी हलक्यात घेऊ शकत नव्हते.

समितीपुढे मुख्य प्रश्न एकच होता: मध्यभागी गोळा होणारी माणसे मैदानभर पसरावीत यासाठी काय करावे? कॅम्प यांचे म्हणणे होते की ५ ऐवजी १० यार्डांची अट घाला. एवढे अंतर नुसत्या रेट्याने कापता येणार नाही, मग संघ आपोआप बगलेने पळतील. मैदानच रुंद करावे अशीही एक सूचना होती. ती मागे पडण्याचे कारण म्हणून जे सांगितले जाते ते मोठे बोलके आहे. हार्वर्डने १९०३ मध्येच काँक्रीटचे भव्य स्टेडियम बांधले होते आणि त्याच्या पायऱ्यांमुळे मैदान वाढवायला जागाच उरली नव्हती. तिसरा उपाय म्हणजे चेंडू पुढे फेकण्याची परवानगी. जॉन हाइझमन यांच्यासारखे प्रशिक्षक काही वर्षांपासून तिचा पाठपुरावा करत होते, पण कॅम्प यांना ती पसंत नव्हती. शेवटी कॅम्प यांचे १० यार्डही आले आणि त्यांना नको असलेली फेकही आली. त्याबरोबर दोन्ही फळ्यांच्या मध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी राखण्याचा नियम झाला, कारण तोवर गडी नाकाला नाक लावून उभे राहात आणि डाव सुरू होण्याआधीच हाणामारी सुरू होई. अंगावरून उड्या मारून जाण्यावर बंदी आली. खेळाचा वेळ ७० मिनिटांवरून ६० मिनिटांवर आला.

फेकीच्या परवानगीला मात्र इतक्या अटी जोडल्या होत्या की समितीतील जुन्या मंडळींची धास्ती त्यांत सरळ दिसते. फेकणारा फळीच्या मागे असला पाहिजे. चेंडू जिथून डाव सुरू झाला त्या बिंदूच्या डाव्या किंवा उजव्या बाजूस किमान ५ यार्ड अंतरावरून फळी ओलांडून गेला पाहिजे. झेलण्याचा अधिकार सर्वांना नाही, फक्त टोकाच्या आणि मागच्या गड्यांना. आणि चेंडू कोणालाही न लागता जमिनीवर पडला तर तो प्रतिस्पर्ध्यांचा. यांतील ५ यार्डांची अट पंचांना पाहता यावी म्हणून मैदानावर लांबीच्या दिशेनेही रेषा लागत. आडव्या रेषांवर या उभ्या रेषा असल्याने ते मैदान सोंगट्यांच्या पटासारखे चौकटीचौकटींचे दिसे. मी जन्मभर पहाटे उठून मैदानावर दोरी ताणून फक्की मारत आले आहे, त्यामुळे हा तपशील वाचताना माझ्यासमोर त्या अनामिक मैदानरक्षकांचे हात उभे राहिले. कागदावरच्या एका अटीपायी कोणाला तरी शेकडो यार्ड जास्त चुना ओढावा लागला होता.

परवानगी मिळाली म्हणून सगळे फेकू लागले असे झाले नाही. पूर्वेकडच्या मोठ्या विद्यापीठांनी सावधपणे, क्वचित कधी, अडचणीत सापडल्यावर फेक वापरली. त्यांच्याकडे धिप्पाड गडी होते, जुन्या चाली बसलेल्या होत्या, आणि चेंडू गमावण्याचा धोका पत्करण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. त्या वर्षी येल आणि प्रिन्स्टन दोघेही अपराजित राहिले आणि त्यांच्यातला सामना ०-० सुटला. तरी येलने हार्वर्डला ६-० असे हरवले त्या सामन्यात पॉल व्हीडर याच्या बॉब फोर्ब्सकडे गेलेल्या फेकीनेच विजयाची वाट मोकळी केली होती.

सेंट लुईसचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी मात्र नवा नियम पाहताच त्यावरच आपला सगळा खेळ उभारण्याचे ठरवले. हंगामाआधी त्यांनी संघाला विस्कॉन्सिनमधील लेक बुला या ठिकाणी नेले आणि तिथे मुख्यतः फेकण्याचा आणि झेलण्याचाच सराव घेतला. त्या काळचा चेंडू आजच्यासारखा निमुळता नव्हता. तो जाड, फुगीर, एका हाताच्या पंजात न मावणारा असे. रॉबिन्सनने त्याच्या शिवणीच्या दोरीवर बोटे रोवून, तो स्वतःभोवती फिरत जाईल अशा तऱ्हेने फेकण्याची हातोटी साधली. फिरता चेंडू हवेत डगमगत नाही, लांब जातो आणि झेलणाऱ्याला त्याचा अंदाज येतो. श्नायडर आणि त्याचे साथीदार विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळी पोहोचत. त्या हंगामात सेंट लुईसने ११ पैकी ११ सामने जिंकले, ४०७ गुण केले आणि फक्त ११ गुण दिले. नोव्हेंबरच्या अखेरीस आयोवासारख्या संघाला त्यांनी ३९-० असे हरवले. रॉबिन्सन वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि पुढे तो डॉक्टर झाला.

सेंट लुईस काही पूर्वेकडच्या नामांकित विद्यापीठांच्या पंक्तीत बसणारे नव्हते, आणि मला वाटते की म्हणूनच त्यांना हे जमले. जुन्या नियमांत ज्याचे फारसे काही साधत नाही, तोच नवा नियम मनापासून वाचतो. कबड्डीत बोनस रेषा आली तेव्हा हे मी पाहिले आहे. अंगापिंडाने मोठ्या, नावाजलेल्या संघांनी तिच्याकडे सुरुवातीला दुर्लक्ष केले. बारीक चणीच्या, पाय लांब टाकणाऱ्या मुलींनी मात्र समोर सहा बचावपटू असताना पाऊल टाकून गुण घेऊन परतण्याचा सराव चालवला, आणि बघता बघता मोठ्या संघांच्या कोपऱ्यातल्या खेळाडूंना आपली जागा बदलावी लागली.

बडोद्याच्या माणसाला १९०६ हे साल वेगळ्या कारणाने ओळखीचे आहे. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानाला लागू केले, आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा दौरा करून तिथल्या शिक्षणसंस्था आणि ग्रंथालये पाहिली. पुढे १९१० मध्ये त्यांनी ग्रंथालयांची उभारणी करण्यासाठी विल्यम बॉर्डन यांना बोलावले ते न्यू हेवनहून, म्हणजे येल विद्यापीठाच्या आणि वॉल्टर कॅम्प यांच्या गावाहून. महाराजांचे चिरंजीव जयसिंगराव हार्वर्डमध्ये शिकले. या योगायोगांतून फुटबॉल आणि बडोदे यांचा काही संबंध जोडावा असा माझा आग्रह नाही. पण बाहेरच्या जगातील व्यवस्था डोळसपणे पाहायची आणि आपल्या गोष्टी नियमबद्ध करायच्या, ही वृत्ती या शहराच्या हवेत होती, आणि आपल्या देशी खेळांना तिचा लाभ झाला. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, तेव्हा गावागणिक वेगळा खेळला जाई. गडी किती, बाद झालेला गडी परत केव्हा येणार, मैदान केवढे, याची प्रत्येक गावाची आपापली रीत होती. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि त्या नियमांनुसार मोठ्या स्पर्धा भरवल्या. पुढच्याच वर्षी खो-खोचे नियमही बडोद्यातून निघाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोच्या नियमांचा पाया घातला होता, त्यावर ही पुढची रचना झाली. बडोद्यातले व्यायामशिक्षक माणिकराव यांच्या आखाड्याचे संस्कार या शहरावर होते, त्यामुळे शरीराला इजा न होता बळ कसे वाढवायचे हा विचार इथल्या क्रीडामंडळींना नवा नव्हता. आज कबड्डीत तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे या गोष्टी नियमबाह्य आहेत. यांतील प्रत्येक ओळीमागे कधी तरी, कुठे तरी, कोणाला तरी झालेली इजा असणार, असे मला नियमपुस्तिका वाचताना नेहमी वाटते.

१९०६ चे नियम पुरेसे ठरले नाहीत, हेही स्वच्छ सांगायला हवे. ढकलणे आणि ओढणे पूर्ण थांबले नव्हते आणि फेकीवरच्या अटी जाचक होत्या. १९०९ चा हंगाम पुन्हा भीषण गेला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा यूजीन बर्न जखमी होऊन मरण पावला, आणि दोन आठवड्यांत व्हर्जिनियाचा आर्चर ख्रिश्चन गेला. त्यानंतर १९१० मध्ये समितीने ते केले जे चार वर्षांपूर्वी राहिले होते. चेंडू घेतलेल्या गड्याला आपल्याच साथीदारांनी ढकलणे, ओढणे आणि हात गुंफून भिंत करणे यांवर बंदी आली, फळीत किमान सात गडी उभे राहणे सक्तीचे झाले, आणि बाजूच्या ५ यार्डांची ती अट निघाल्याने मैदानावरच्या उभ्या रेषाही पुसल्या गेल्या. १९१२ मध्ये तीनऐवजी चार प्रयत्न मिळाले, टचडाउनचे गुण ५ वरून ६ झाले, आणि गोलरेषेमागे १० यार्डांची पट्टी आखून तिथे झेललेला चेंडूही ग्राह्य धरला गेला. म्हणजे आज ओळखता येईल असा खेळ तयार व्हायला सात वर्षे लागली. या सात वर्षांत नियमकर्त्यांनी आपल्याच नियमांकडे पुन्हा पुन्हा परत जाऊन ते तपासले, आणि कॅम्प यांच्यासारखा माणूस स्वतःला न पटलेला नियम अमलात आल्यावरही समितीत बसून काम करत राहिला. या चिकाटीचे मला मोल वाटते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आमच्या पंचांच्या शिबिरासाठी एक सूचना लिहून ठेवली आहे. ती फक्त १४ वर्षांखालील मुलामुलींच्या सामन्यांपुरती आहे. चढाईपटूचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले आणि त्याला दोन बचावपटूंनी धरले असेल, तर त्यानंतर जो तिसरा त्याच्या अंगावर पडेल त्याच्याबद्दल चढाईपटूच्या संघाला एक तांत्रिक गुण द्यावा. पंचाने ताकीद देण्याची, कार्ड दाखवण्याची किंवा बंदीची गरज नाही. ढीग केला की गुण जाईल, एवढेच. मैदानावर माझ्यासोबत उभे राहणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर लगेच हरकत घेतली. ते म्हणाले, "ताई, हुशार चढाईपटू मुद्दाम गुडघे टेकतील आणि तिसऱ्याची वाट पाहात बसतील." त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यावर मी सूचनेत एवढी भर घातली आहे की तिसरा न पडता दोघांनी त्याला तसेच पाच सेकंद धरून ठेवले तर पकड पूर्ण झाली असे मानून चढाईपटू बाद व्हावा. पाच सेकंद पुरतील की कमी पडतील, हे प्रत्यक्ष खेळवल्याशिवाय कळणार नाही, म्हणून शिबिरातल्या सरावाच्या सामन्यांत आधी ते तीन आणि मग पाच असे दोन्ही प्रकारे करून पाहायचे ठरले आहे.